मायच्या हातावरचा विंचू

चंपीचे बापू,

भाकरी अन् पिठलं चुलीजवळ झाकून ठेवलं हाये. मी अन् तुमची माय मानोऱ्याच्या मोटरनं तुमच्या बहिणीकडं, रुपाबाईकडं, जाऊन राह्यलो. उद्या येतो.

सकाळी आमी दोघी वाशीमले तहसिलीच्या खजिन्यात गेलतो. मामंजी गेल्यावर मायले लागलेलं फौजेचं पेन्शन तिनं सोताच्या हातानं उचललं, पुरं. मंग मुनशी हारलालले दर महिन्याले तीन रुपये आपण कायचे देत होतो? मायले साहेबासमोर घुंगट उचलावा लागीन, त्यापेक्षा कागदावर तिचा अंगठा द्या, मी जातो, हाच त्याचा सल्ला. तुमी हो म्हटलं. घरच्या इज्जतीची गोष्ट म्हणून मीबी चूप बसली.

घुंगट उचलाले तिथं कोणी सांगतलंच नाही. पेन्शनच्या कागदावर मायची खूण लिवेल हाये, डाव्या मनगटावर गोंदेल विंचू. मायनं बांगड्या वर सारल्या अन् खिडकीच्या गजांतून नुसता हात आत घातला. बाबूनं विंचू पाह्यला अन् नोटा मोजून देल्या.

मुनशी संध्याकाळी त्याचा हिस्सा मांगाले येईन. त्याले चहा पाजा, पैसे देऊ नका. त्याच्या बैठकीत तुमाले रोजचं पान फुकट कसं भेटते, हे मायनं अजून विचारलं नाही.

माय दारातून सांगून राह्यली, हे लिव: "पुढच्या महिन्यात मी एकटीच जाईन. मुनशीले लयच कळकळ असन तं माही पिशवी धराले ये म्हणा."

ललिता