कवितेआधी दोन शब्द

३ मार्च, सकाळी ६
शहरातली कविता शेवटचे आचके देते आहे. वाचवणार कोण? मीच. योजना तयार : सात स्थानिक कवी, सात दुकानांच्या भिंतींवर सात कविता, शेवटी वाचनालयाच्या हॉलमध्ये जाहीर वाचन. स्वतः फार बोलायचे नाही असा निश्चय. बायकोला सांगितला. ती भाजी निवडत होती. "फार म्हणजे किती?" म्हणाली. पाठिंबा गृहीत धरला.

५ मार्च
सातवा कवी सापडला. आपला इस्त्रीवाला! बावीस वर्षे माझे शर्ट करतो आणि कधी बोलला नाही. आयुष्यात एकच कविता, आईवर. म्हणाला, "साहेब, आईला आता दिसत नाही, वाचता तर कधीच येत नव्हतं. तिला एकदा स्टेजवरून ऐकवायचीय." गहिवरलो. शब्द दिला.

८ मार्च
प्रस्तावनेशिवाय कविता म्हणजे जनतेवर अन्याय. प्रत्येक कवितेला प्रस्तावना लिहिली. थोडक्यात. तरी पान भरले. छापखानेवाला म्हणाला, "कविता मागच्या बाजूला घेऊ का?" घ्या म्हटले. कागदाची बचत.

१० मार्च
सातही कागद स्वतः चिकटवले. खळ भरपूर. वादळ आले तरी हलणार नाहीत.

१२ मार्च
लोक थांबतात, वाचतात! मात्र दाताच्या डॉक्टरांकडे एक पेशंट गाल धरून म्हणाला, "पण कविता कुठंय?" रसिकता खालावली आहे.

१२ मार्च, संध्याकाळी
बायको म्हणाली, "कविता मागच्या बाजूला आहे ना? आणि मागे भिंत आहे."
न्हाव्याकडचा कागद सोडवायला गेलो. पोपडा निघाला, कविता त्याच्यासकट फाटली. न्हावी म्हणाला, "साहेब, तुम्ही आता वाचनाचंच बघा."
बरोबर आहे. कविता ऐकण्याचीच गोष्ट आहे. हे मी आधीपासून म्हणत होतो.

२० मार्च
वाचन. हॉल पाच ते सात. चाळीस माणसे! पहिल्या रांगेत इस्त्रीवाल्याची आई, नवे लुगडे, हात मांडीवर. कवींना वेळ मिळावा म्हणून प्रास्ताविक पाच मिनिटांत आटोपायचे ठरवले होते. पण समोर माणसे दिसली की माझ्यातला वक्ता पेटतो. मी व्यवस्थेला जाब विचारला. टेबलावर मूठ आपटली. ग्रंथपालबाई सारख्या घड्याळ दाखवत होत्या. मला वाटले, नवे घेतले असावे.
सातला पाच कमी असताना थांबलो. सहा कवींनी दोन-दोन ओळी उरकल्या. इस्त्रीवाला स्टेजवर चढला, घडी उलगडली, आणि शिपायाने दिवे घालवले. सात म्हणजे सात.
अंधारात म्हातारी लेकाचा हात चाचपत म्हणाली, "ऐकली रे बाबा तुझी कविता. माइकमधून आवाज घोगरा येत होता. पण केवढी लांब! आणि एवढा चिडलास कुणावर?"
तो म्हणाला, "चुकलं, आई."
बायकोने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे.

२१ मार्च
झोप नाही. त्याची माफी मागणार. मुद्दे काढले. चौदा पाने.

२३ मार्च, रविवार
पाने खिशात घालून दुकानावर गेलो. सगळे कवी आधीच तिथे, कपड्यांच्या गठ्ठ्यांवर बसलेले. मला कुणी कळवले नव्हते. पत्रिका पोहोचली नसावी. तोंड उघडले, तर इस्त्रीवाला म्हणाला, "साहेब, बसा. नुसते बसा."
बसलो.
त्याने वाचली. आठ ओळी. इस्त्री तापली का ते बघायला आई ओले बोट लावायची, त्या चटक्याची.
म्हातारी बराच वेळ बोट चोळत राहिली. मग म्हणाली, "ही माझी आहे." आणि थोड्या वेळाने, "मग परवाची कुणाची होती?"
"एका साहेबांची," तो म्हणाला.
"त्यांना म्हणावं, जरा घडी घालायला शिका."
मी दोन हातांवर बसलो होतो.
घरी येऊन चौदा पानांची घडी घालून पाहिली. बसत नाही.