दोन लुगडी ठेवून बाकी सगळे

श्री.

लिहून ठेवणार गोदाबाई, कैलासवासी नत्थुजी पाटील यांची बायको, राहणार अमरावती, वय साठीच्या जरा अलीकडे, आपल्या मर्जीने लिहून ठेवते ते असे:

मी धडधाकट आहे. ताप नाही, खोकला नाही, आज सकाळी ज्वारीच्या दोन भाकरी आणि ठेचा खाल्ला. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट सगळ्यांना भरीस मीच घातले आहे. माझे डोके ठिकाणावर आहे की नाही याची माझा मुलगा पंजाबराव याला कालपासून शंका आहे, म्हणून मुद्दाम लिहिते की आहे. कापसाचा भाव चढला आणि सगळी अमरावती नाचत सुटली, त्या वर्षीही मला इतका हुरूप आला नव्हता जितका आज आहे. लिहिणारा देवीदास म्हणतो की हे कामाचे नाही. ते कामाचे आहे.

घर, शेत आणि बैल यांची चिंता नाही. नत्थुजींनी जाण्याआधीच ते पंजाबरावाच्या नावे केले. ते त्याचे आहे आणि त्याने सुखाने भोगावे. माझे म्हणून जे आहे ते कापड. बाईच्या पेटाऱ्यातले कापड बाईचे, तिने ते कोणालाही द्यावे, यावर आजवर आमच्या घरात कोणी वाद घातलेला नाही. त्या कापडाची मी आज वाटणी करते, आणि ही वाटणी मी मेल्यावर नाही, शाई वाळली की लगेच व्हायची आहे. इथे देवीदासाने लेखणी खाली ठेवली.

"पाटलीनबाई, मृत्युपत्र मानूस मेल्यावर चालते. आधी नाई चालत."

"मंग मी मेल्यावर कोनाचं तोंड पाहू? लुगडं हातात पडल्यावर बाई कशी दिसते ते मले पाहाचं हाये. लिही."

त्याने लिहिले.

आता हे सगळे काढायला काय झाले ते सांगते. माझा धाकटा मुलगा महादेवराव पटकीत गेला. त्याची बायको पार्बताबाई. मूलबाळ नाही, आईबाप नाहीत, भाऊ नाही, वय असे की अजून केसांना तेल लावले तर चेहरा उजळतो. पंजाबरावाने कापसाच्या पैशात माडी बांधायला काढली. माडीचे सागवान परतवाड्याहून, तिथल्याच खुशालरावाच्या गाड्यांवर आले. खुशालराव विधुर आहे, माणूस सरळ आहे, बैलाला मारत नाही. लाकूड उतरवून झाले तरी तो या ना त्या कारणाने येत राहिला आणि पार्बता त्याला या ना त्या कारणाने पाणी देत राहिली. मी आंधळी नाही. मीच दोघांना विचारले, दोघेही हो म्हणाले, आणि येत्या वद्य पक्षात पाट लावायचे ठरले.

पाट, म्हणजे विधवेचे दुसरे लग्न, ही आमच्यात नवी गोष्ट नाही. माझ्या नणंदेचा झाला, नत्थुजींच्या आत्याचा झाला. पण कापूस चढला तसा पंजाबराव चढला. वैशाखात बनातीचा कोट घालून तो बाजारात जातो आणि घामाने न्हाऊन परत येतो. तो मला म्हणाला, "माय, आता आपल्या घरात पाट नाई लागत. मोठ्या लोकांत लागत नाई."

"आपन कवा मोठे झालो?"

"आता झालो नं."

"कापूस वाढला बाप्पा. आपन होतो तेवढेच हावो."

त्यावर तो उघड नाही म्हणाला नाही. पोरगा माझाच आहे, डोके चालते त्याचे. म्हणाला, "जाऊ दे तिले. मी काऊन अडवू? पन रीतीनं जाऊ दे."

रीत अशी आहे. पाट लावून जाणारी बाई पहिल्या नवऱ्याच्या घरचे एकूण एक कापड उतरवून ठेवते आणि माहेरच्या लुगड्यात उंबरा ओलांडते. नव्या नवऱ्याचे लुगडे नंतर, पाटावर. माहेरचे लुगडे नसेल तर पंच बाईला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. आणि पार्बतेला माहेरच उरलेले नाही. मी बाजारातून नवे आणावे तर पैसा या घरचा, म्हणजे लुगडेही याच घरचे. हे पंजाबरावाला पक्के ठाऊक होते. पार्बता त्या दिवशी चुलीपाशी बसून राहिली, भाकरी करपली तरी तिला कळले नाही. मला फार राग आला, आणि राग आला की मला काम सुचते. मी पेटारे उघडायला लावले. इतक्या कापडात या घरचे नाही असे एक तरी लुगडे निघेल, असे मला वाटले.

काल पेटारे अंगणात आणले, खाटा टाकल्या, त्यांवर सगळे पसरले. कडुनिंबाचा पाला खोऱ्याने निघाला. मोठी सून दुर्गाबाई, पार्बता आणि मी, तिघी घड्या मोडत होतो आणि आळीतल्या बाया कुंपणावरून बघत होत्या. काय नव्हते त्यात? पैठण्या, नागपुरी, इंदुरी, विलायती छिटे, घडी न मोडलेली मलमल. चांगल्या पिकाच्या दर वर्षी नत्थुजी काहीतरी आणत, आणि ती वर्षे आली तशी एकामागून एक आली. दुर्गाबाई प्रत्येक लुगडे उचलून विचारी, "आत्याबाई, हे कवा नेसल्या?" आणि मला आठवेना. कारण मी ते नेसलेच नव्हते. नेसायची आपली चार, आणि सांभाळायला चार पेटारे.

खाली आहेराची लुगडी लागली. गेली काही वर्षे वऱ्हाडात लग्ने अशी झाली की आहेर ठेवायला जागा नाही. आलेला आहेर कोणी नेसत नाही. तो घडीचा घडी ठेवतात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याला देतात. त्यांत एक अंजिरी लुगडे निघाले. पदर उलटला आणि मी खालीच बसले. पदराला उंदराने कुरतडलेली जागा मी माझ्या हाताने रफू केली होती. हे लुगडे मीच माझी अकोल्याची जाऊ मैनाबाई हिला तिच्या मुलीच्या लग्नात दिले होते. ते किती घरे फिरले देव जाणे, शेवटी मैनाबाईनेच ते आमच्याकडे आहेर म्हणून परत केले आणि वर म्हणाली होती, "खास तुमच्यासाठी अकोल्याहून आनलं." त्या लुगड्याने माझ्यापेक्षा जास्त वऱ्हाड पाहिले आहे. आम्ही तिघी इतक्या हसलो की पार्बतेच्याही डोळ्यांना पाणी आले, आणि किती दिवसांनी ते हसण्याचे होते.

तर कलमे अशी.

पैठण्या आणि इंदुरी लुगडी सगळी दुर्गाबाईला. अट एकच, नेसायची. घडी करून ठेवलेली दिसली तर मी काढून घेईन. तिने अट ऐकून लगेच एक नेसली आणि त्यातच गोवऱ्या थापायला गेली. ती माझीच सून आहे.

अंजिरी लुगडे अकोल्याला मैनाबाईला सन्मानपूर्वक परत. तिने ते चारचौघींत एकदा तरी नेसावे आणि मग तिच्याकडेच ठेवावे. ते आता दमले आहे.

विलायती छिटे आणि मलमल आळीतल्या ज्या ज्या बाया कुंपणापाशी उभ्या होत्या त्यांना. ज्यांनी नुसते पाहिले त्यांनाही द्यावे आणि ज्यांनी नावे ठेवली त्यांनाही.

नत्थुजींची पागोटी पंजाबरावाला. बनातीच्या कोटापेक्षा ती त्याला शोभतील आणि डोके थंड ठेवतील. नत्थुजींची घोंगडी, जी घेऊन ते राखणीला जात, ती मी ठेवते. तिला अजून त्यांचा वास आहे. धुवायला मागू नये.

माझ्यासाठी दोन लुगडी. एक अंगावर, एक दोरीवर. ती जाड्याभरड्या सुताची, रहमतुल्लाच्या हातची. रहमतुल्ला आमचा जुना विणकर. कापूस सगळा गाड्या भरभरून मुंबईला जायला लागल्यापासून त्याला सूत मिळेना आणि माग रिकामा आहे. माझ्या एका पेटाऱ्यात मी कातलेल्या सुताच्या लडी तशाच पडून होत्या. त्या सगळ्या त्याला. माझी दोन लुगडी विणून उरेल ते त्याचे. काल त्याला बोलावून लडी दाखवल्या तर त्याने एक लड बोटांवर ताणून पाहिली आणि म्हणाला, "माग बंद नाई पडला, गोदामाय. बसला व्हता. उठते आता."

आता शेवटचा पेटारा. यातले कलम लिहिताना देवीदासाने सावकाश लिहावे.

त्याची पाळी आज सकाळी आली, आणि त्याच्या तळाशी हळदीच्या फडक्यात एक लुगडे होते. निळ्या चौकड्या, तांबडा काठ. कापूस माझ्या बापाच्या वावरातला, सूत माझ्या आईने कातलेले, विणले रहमतुल्लाच्या बापाने. आई गेली तेव्हा ते माझ्याकडे आले. बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचे लुगडे माहेरचे पडते, आणि माझ्या माहेरी आता दिवा लावायलाही कोणी नाही. म्हणून ते मी माझ्या सरणासाठी राखून ठेवले होते. दर वर्षी उन्हात घालून परत ठेवत आले. इतके माझे, की शोधताना ते माझ्या ध्यानातच आले नाही. ते हातात घेतले आणि मला आनंदाने ओरडावेसे वाटले.

पंजाबराव तेवढ्यात माडीवरून उतरत होता. रहमतुल्ला लडी मोजत बसला होता, देवीदास नुकताच दौत घेऊन आला होता. मी लुगडे वर धरले आणि विचारले, "पंजाब, हे कोनाचं रे? आपल्या घरचं का?"

तो चालता चालता बोलून गेला, "आपल्या घरचं कुठचं? ते तुह्या माहेरचं. तू मरशीन तवा घालाचं."

मग तो थांबला. त्याच्या ध्यानात आले. रहमतुल्लाने मान खाली घातली, देवीदास दौतीत बघू लागला, आणि दुर्गाबाई शेणाचे हात तसेच घेऊन दारात उभी राहिली.

म्हणून लिहिते. पार्बताबाई हिला मी सून म्हणून काहीही देत नाही. या घरचे एक सूतही तिच्या अंगावर जाणार नाही, रीत पुरी पाळली जाईल. माझे माहेरचे निळ्या चौकड्यांचे लुगडे मी माझ्या लेकीला देते, आणि पाटाच्या दिवशी तिला नेसवून उंबऱ्याबाहेर पाठवायला तिची आई म्हणून मी उभी राहीन. पंचांनी विचारले तर हे लुगडे कोणाचे, ते पंजाबरावाने आपल्या तोंडाने सांगितलेच आहे.

मला वाटले तो भांडेल. मी भांडायला तयार होते, कंबर कसली होती. पण तो पायरीवर बसला. कोट काढला आणि मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "आन तुह्यावर काय घालू मंग? तू मेल्यावर? माहेरचं कोन आननार हाये तुले?"

हे त्याने मुलगा म्हणून विचारले. मोठा माणूस म्हणून नाही. लुगडे देताना मी तिथपर्यंत पोचलेच नव्हते.

पार्बता इतका वेळ खाटेआड उभी होती. तिने लुगडे छातीशी धरले होते. ती पंजाबरावाकडे बघून म्हणाली, "मी आनीन. परतवाड्याहून. तिचं माहेर आता थेच हाये."

पंजाबरावाने देवीदासाकडे हात केला आणि म्हणाला, "लिही हे सगळं. मलेही साक्ष कराची हाये."

सबब शेवटचे कलम. मी जाईन तेव्हा पहिला निरोप परतवाड्याला जावा. लुगडे येईपर्यंत मला उचलू नये, मला घाई नाही. तोवर सगळ्यांनी नवी लुगडी नेसून हिंडावे. माझे पेटारे आज रिकामे आहेत, उन्हात उघडे ठेवले आहेत, आणि आळीतली पोरे त्यांत बसून गाडी गाडी खेळत आहेत. हे लिहिले ते मी वाचायला लावून ऐकले, ते बरोबर आहे, आणि यात कोणी खोडाखोड केली तर त्याला अंजिरी लुगडे नेसवावे.

मुक्काम अमरावती, फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १७८६, रक्ताक्षी नाम संवत्सर.

गोदाबाई. लिहिता येत नाही. निशाणी टकळीची.

साक्ष, पंजाबराव वल्द नत्थुजी. निशाणी नांगराची.

साक्ष, रहमतुल्ला विणकर. निशाणी मागाच्या धोट्याची.

हस्ताक्षर देवीदास.

लुगडे घेणार पार्बताबाई. नाते काय लिहू असे विचारले असता तिने सांगितले, लेक.