काम लांबच बरं

३ डिसेंबर १९७२, सकाळ
आजपासून रोज लिहिणार. दुष्काळ असला म्हणून माणसानं डिसिप्लिन सोडू नये.
यंदा माझ्या शेतात ज्वारीचं कणीस भरलं नाही. कारण: आभाळ. दयारामच्या घरीही दाणा नाही. कारण: आळस. तो माझ्याच शेतात राबतो हे खरं, पण तो मुद्दा वेगळा.

६ डिसेंबर
पंचायतीत मीटिंग. सरकारचं रस्त्याचं दुष्काळी काम गावाला लागून काढायचं की टेकडीपलीकडे? मेंबर या नात्यानं बोललो. काम दारात आलं की लोक सोकावतात. लांब ठेवा, खरा गरजू असेल तो चालत जाईल.
दयाराम उठून म्हणाला, पाटील, उपाशीपोटी टेकडी कशी चढाव जी मानसानं? म्हटलं, सवय होते.
भगवानरावांनी मान डोलावली. नांदुऱ्याला त्यांचं कापसाचं जिनिंग आहे. कष्टाशिवाय का एवढं होतं? (जिनिंग वडिलांचं. पण सांभाळायलाही कष्ट लागतात.) आम्हा मोठ्या माणसांचं एकमेकांशी पटतं. ठराव पास.

२० डिसेंबर
बैलजोडी मोताळ्याच्या बाजारात विकली. याला गरिबी म्हणत नाहीत, ॲडजस्टमेंट म्हणतात.

४ जानेवारी १९७३
भाकर तांबडी आणि रबरासारखी. वच्छला म्हणाली, जुनी ज्वारी हाये, खा मुकाट्यानं. कणगी संपली असा माझा समज होता. पण बायको काटकसरी असली की घरात बरकत राहते. दयारामच्या केसरबाईनं हिच्याकडून शिकावं.
वच्छला हल्ली पहाटे देवाला जाते, दिवे लागल्यावर परत येते. श्रद्धा वाढली आहे.

११ जानेवारी
शेजारची तानुबाई म्हणाली, भाऊ, वच्छलाबाई त रस्त्याच्या कामावर जाऊन राह्यली. मले वाटलं तुमाले ठाऊक हाये.
म्हणजे ती भाकर रेशनच्या मिलोची, अमेरिकेहून आलेल्या तांबड्या ज्वारीची! दयाराम खातो तीच!
वच्छलेला विचारलं, काऊन गेली? म्हणाली, तुमच्या पोटासाठी. मी ठणकावलं, आपल्या घरातल्या बाईनं कधी डोक्यावर पाटी घेतली नाही. उद्यापासून बंद. ती म्हणाली, बरं. मंग उद्या काय खासान?
विचार करून सांगतो म्हटलं.

१२ जानेवारी
भगवानरावांकडे गेलो. मागायला नव्हे, एक पोतं ज्वारी हातउसनी आणायला. ते म्हणाले, वामनराव, फुकट हाती पडलं की मानूस सोकावते. मीटिंगमधी तुमीच त सांगतलं. आपल्याले पटलं बुवा ते.
मला भीती वाटते आहे. घरात खरंच काही नाही. दोघांनी पाणी पिऊन दिवस काढला.

१३ जानेवारी
वच्छला कामावर गेली. मी पाहिलं नाही असं केलं.
ओव्हरसियरला गाठून म्हटलं, काम गावाजवळ आणा, लोकांचे हाल होतात. तो म्हणाला, खडी पडली, आता हलत नाही.
उद्या स्वतः जाणार. मजूर म्हणून नव्हे, इन्स्पेक्शनला. कुदळ सोबत घेईन, असावी.

१४ जानेवारी
वच्छलेबरोबर निघालो. टेकडीवर दम लागला, सारखा बसत होतो. तिची हजेरी बुडू नये म्हणून तिला पुढे पाठवलं. मी पोचलो तेव्हा हजेरी आटोपली होती. मुकादम म्हणाला, बाबा, आज नाही, उद्या टायमावर या. म्हटलं, मी पंचायतीचा मेंबर. तो म्हणाला, मंग त तुमाले ठाऊकच असन किती लांब हाये ते.
परत चढायची ताकद नव्हती. खडीच्या ढिगावर बसून राहिलो. समोरून वच्छला पाटी घेऊन जात-येत होती. केसरबाई तिच्या पाटीत मुद्दाम कमी भरत होती. माझ्याकडे दोघींनीही पाहिलं नाही.
दुपारी वच्छलेनं फडकं सोडलं. एकच भाकर. माझ्यापुढे ठेवून म्हणाली, खा तुमी, मले भूक नाही.
तिला भूक होती. मी सकाळपासून काडी हलवली नव्हती.
सगळी खाल्ली.