पेटीतलं अंगडं

११ नोव्हेंबर, वाघोली
बाळाला घेऊन नव्या घरी आलो. वजन तीन किलो, आवाज सोसायटीभर. आई भंडाऱ्याहून तिच्या लग्नातली पत्र्याची पेटी घेऊन आली आहे. बाळाला पहिल्यांदा जुनंच घालायचं असतं. माझं अंगडं तिने तीस वर्षं जपलं, दर दिवाळीला ताज्या डांबरगोळ्या घालून. माझ्या आधीचे दोन भाऊ बाराव्या दिवसाआधीच गेले. मी जगले. "जगलेल्या लेकराचं हाय हे," आई म्हणाली. मी ते त्याला घातलं.

अभयने नाक दाबलं. आई म्हणाली, जावईबापू, कसर पुणेरी पाटी वाचून परत जात नाही.

१२ नोव्हेंबर
अभयला सांगितलं, डांबरगोळी म्हणजे नॅफ्थॅलीन. बेंझीनची दोन वलयं जोडलेली. वितळण्याआधीच तिची वाफ होते आणि कापडात मुरते. अकरावीच्या वर्गाला मी संप्लवन हिच्यावरच दाखवते. अभय म्हणाला, बाईंची रजा बाळंतपणापुरतीच दिसते.

नाव ठरलं आहे. आई म्हणते, बारशाआधी उच्चारायचं नाही.

१४ नोव्हेंबर
डोळे पिवळे. आईने त्याचे डोळे पदराने झाकले. खोदून विचारल्यावर म्हणाली, त्या दोघांचेही असेच झाले होते.

हॉस्पिटल. निळ्या दिव्याखाली उघडाच ठेवला आहे.

१६ नोव्हेंबर
पिवळेपण उतरलं. घरी सोडलं. आई म्हणाली, अंगड्याने राखलं. निघताना तेच घातलं. थंडी म्हणून वर पेटीतली टोपी आणि दुपटं.

१८ नोव्हेंबर
लंगोट कोऱ्या चहाच्या रंगाचा. दूध ओढत नाही.
परत हॉस्पिटल.

१९ नोव्हेंबर
तांबड्या पेशी फुटताहेत. रक्तात एक एन्झाइम कमी आहे. डॉक्टर म्हणाल्या, हा दोष आईकडून मुलग्यांत येतो, मुली बहुधा वाचतात. मग विचारलं, घरात डांबरगोळ्या आहेत का.

हो म्हणाले.

भावांनाही त्याच पेटीतलं —
माझ्या हातांनी बंद बांधले. दोनदा.
आई दारात उभी होती. हातात धुऊन, घडी करून आणलेलं अंगडं.

२० नोव्हेंबर
रक्त बदललं. पिवळेपण मेंदूत चढलं, मान मागे ताणलेली. रडत नाही. डॉक्टर आता अभयशीच बोलतात.

आईला सांगितलेलं नाही. तीन लेकरं. कसं —

बारावा दिवस. खाटेच्या पाटीवर अजून 'पायलचं बाळ'. आई म्हणाली, पायल, आता घे नाव.
त्याच्या कानाशी वाकले. केसांना अजून तो वास. नाव घ्यायला मी तोंड उघडलं, आणि —