सुजातासाठी मॉनिटर

बुधवार, २९ ऑक्टोबर
ऑगस्टनंतर एक ओळ नाही. माफी मागायची तर कुणाची, वही माझी आणि आळसही माझाच. आमची लेक ऋतुजा पुण्याला हॉस्टेलवर गेली, तेव्हापासून घर जरा गप्पच.

आज लिहायला बसलो ते सुजातामुळे. ऋतुजाशी फोनवर बोलत होती, मी आत पेपर तपासत होतो. "सोडून देते बाई आता खेळणं. डोकं धरून राह्यलं माझं. वय बी झालं." ऋतुजा लॅपटॉप घेऊन गेली, तिचा मोठा कॉम्प्युटर इथंच राहिला आणि त्यावर सु. गेम खेळायला लागली. केदारखेड्याहून आरोग्य केंद्राची ड्युटी करून यायचं, हातपाय धुवायचे आणि तासभर तिथं बसायचं. त्या तासात ती कुणाची सिस्टर नसते की मम्मी नसते.

तिचं बोलणं ऐकून क्षणभर बरं वाटलं. वीज वाचेल, डोळे वाचतील. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. तिचं एवढं एकच तर आहे.

दोष मॉनिटरचा असणार. जुना आहे, चित्र लुकलुकतं. दिवाळीचा उरलेला माल सवलतीत निघतोय. बघतो.

गुरुवार, ३० ऑक्टो.
रात्री जेवणानंतर वाचत बसलो. पडद्याच्या तीन जाती. ओएलईडी : प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, काळं म्हणजे खरंच काळं, शिवाय चपळ. पण एकच चित्र फार वेळ राहिलं तर त्याचा ठसा कायमचा उमटू शकतो. व्हीए : काळं चांगलं, वेग बेताचा. आयपीएस : वेग चांगला, रंग खरे, पण काळं करडं दिसतं. सगळीकडे एकच सल्ला, आधी काय खेळता ते ठरवा.

ते मला माहीत आहे. मी घरी येतो तेव्हा सु. जंगलातून फिरत असते. रात्रीचं जंगल, कंदील, दूर कुठेतरी नदी. घाई नाही, मारामारी नाही. तिच्या स्वभावासारखंच. म्हणजे अंधार नीट दिसायला हवा. ओएलईडी सवलतीत आवाक्यात येतोय.

ऋतुजाला फोन केला. म्हणाली, "पप्पा, तो घेऊ नका. बंद केल्यावर तो स्वतःची साफसफाई करतो, त्याला करंट लागतो. तुम्ही बोर्डावरचं बटण बंद करणार."
"नाही करणार."
"तुम्ही?"
तिचं खरंच आहे. झोपताना घरातली सगळी बटणं बंद करत फिरायची सवय आहे, फक्त फ्रिज सोडतो. वडील करायचे, मी करतो. सासुरवाडीला गेलो तरी हात जातो. ओएलईडी बाद.
"आणि मम्मी काय खेळते ते विचारलं का तिला?"
"रोज बघतो की."
हसली. का हसली ते सांगितलं नाही.

शनिवार, १ नोव्हें.
जुना जालना. शकीलभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानासमोर मालाचे टेम्पो, आत शिरायला पाच मिनिटं. दोन मॉनिटर शेजारी शेजारी लावून दाखवले. व्हीएवर रात्रीचं शहर लावलं होतं, बघत राहावं असं. "भाभी खेलते क्या सर? फिर बिलकुल येइच लेव. हल्काफुल्का गेम, बढिया दिखेगा." मला पटलं. व्हीए घेतला. खोकं, थर्माकोल सगळं जपून ठेवायचं, आठ दिवसांत बदलून मिळतो.

घरी आणून जोडला. सु. बघत उभी.
"काळं लई काळं आहे की."
"आवडला?"
"छान आहे. एवढा खर्चा कशाला केलात?"
मग जंगलात गेली. कंदिलाचा उजेड झाडांवर पडला तो खरंच... मी पेपर बाजूला ठेवून बघत बसलो. समाधान.

सोमवार, ३ नोव्हें.
"डोकं कसं आहे?" "बराबर आहे." पण तासाऐवजी अर्ध्या तासातच उठली. दमली असेल. की...

मंगळवार, ४ नोव्हें.
दुपारची मीटिंग रद्द झाली, लवकर घरी आलो. जिन्यातच गोळीबाराचा आवाज. वाटलं वरच्या मजल्यावर टीव्ही मोठा केलाय. मग सुजाताचा आवाज. "डावीकडं! अगं डावीकडं, भिंतीच्या मागं! माय माय माय, गेली की गं तू!"

दारात थांबलो. तिच्या तोंडासमोर माइक, स्पीकर मोठा, पाठ माझ्याकडे. पडद्यावर अंधारा बोळ. ती झर्रकन वळली की सगळा अंधार ओल्या शाईवर बोट फिरवावं तसा फरफटत जायचा. त्या फरफटीतून कुणीतरी आलं आणि ती मेली.

"न्हाई दिसला बाई मला. नुसता धूर. रविवारी माझ्या भरवशावर राहू नका, दुसरी बघा कुणी."

मग मी दिसलो. तिचा हात इतक्या सराईतपणे हलला की क्षणात जंगल हजर. "कधी आलात? चहा टाकू का?"

चहावर सगळं निघालं. चौघींची टोळी आहे, बाकी तिघी बीड-अकोल्याकडच्या, नेटवर भेटलेल्या. रविवारी त्यांचा सामना. सु. पुढं जाऊन दार फोडणारी.
"तू? तू तर सिस्टर."
"दिवसभर लेकरं माझ्याकडं बघून रडतात. संध्याकाळी मी बी कुणाला तरी रडवते."
"मग मी आलो की जंगल का?"
"तुमचे पेपर असतात. गोळ्या सुरू झाल्या तर एखाद्याचे मार्क उडायचे."
"आणि मॉनिटरचं का बोलली नाहीस?"
"दोन रात्री वाचत बसल्तात. तोंडावर कसं म्हणावं, मला ह्याच्यात माणूस दिसून न्हाई राह्यला म्हून."

रोज बघतो की, म्हणालो होतो. बघत होतोच. पण मी घरात शिरलो की खेळ बदलायचा. म्हणजे मी तिचा खेळ नाही, माझ्या घरी येण्याचा परिणाम बघत होतो. विचारायला एक वाक्य लागलं असतं. वाईट वाटावं की हसू यावं, ठरत नाही. पण मोकळं वाटलं हे खरं. ती दणदणीत आरडाओरडा करते आणि मला ते ठाऊक नव्हतं.

ऋतुजाला सगळं माहीत. "मी म्हणलं होतं ना, विचारा."

गुरुवार, ६ नोव्हें.
बदलायला दोघं गेलो. या वेळी सु. पुढं, मी थर्माकोल सांभाळत मागे.
शकीलभाई : "भाभी, कौनसा गेम खेलते?"
सु.ने नाव सांगितलं. ते माझ्याकडे बघायला लागले. मी खोक्याकडे.
तिनं शटर अर्धं खाली ओढायला लावलं, दिवा बंद. आयपीएसवर अंधारी जागा लावून माउस असा गरागरा फिरवला की शकीलभाईच मागं सरकले.
"याचं काळं करडं दिसतंय," मी हळूच म्हणालो.
"करडं चालतंय. माणूस दिसला पाह्यजे."
दुकानात मांडून ठेवलेला पीस म्हणून सूट जास्त. घेतला. येताना गाडीवर मागून म्हणाली, "तुम्हाला तो काळा आवडल्ता ना?" हो म्हणालो. आवडला होताच.

शनिवार, ८ नोव्हें.
काल आणि आज मी खोलीत असताना खेळली, तेच, खरं. मी पेपर तपासले. एका पोराची बेरीज दोनदा केली, बाकी ठीक. रात्री मॉनिटरचंही बटण बिनधास्त बंद करतो, याला साफसफाईसाठी करंट लागत नाही.

डोक्याचं विचारलं. "आज न्हाई दुखलं. उद्याचं काय सांगावं." मॉनिटरमुळेच होतं की चष्म्याचा नंबर, अजून कळलेलं नाही. तिघींना तिनं सांगितलंय, येते, पण मधे डोकं उठलं तर दुसरीला बसवा. त्या म्हणे हो म्हणाल्या. दुसरी तयार ठेवलीय.

मी म्हणालो, उद्या दुपारी हसनाबादला ताईकडे जाऊन येतो, तुला मोकळं मैदान. ताईला तसं कळवलंही होतं.
"कशाला? बसा की इथंच पेपर घेऊन. फक्त मधे चहा विचारू नका."

उद्या सकाळी : ताईला फोन, येत नाही म्हणून सांगणे.