ओलं गोणपाट

आबा, खुराड्याचा नकाशा आज तिसऱ्यांदा खोडला. उद्या सकाळी सुतार येईल आणि फळी किती, जाळी किती हेच मला अजून ठरवता येत नाही. पाच कोंबड्या उरल्यात. मागच्या आठवड्यापर्यंत सहा होत्या. निवृत्त झाल्यावर लोक सहली काढतात, मी मुलुंडच्या या तळमजल्याच्या घरामागे जाळीच्या तात्पुरत्या पिंजऱ्यात गावठी कोंबड्या आणून ठेवल्या. आणि तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाल्यावर आज तुमच्याशी भांडायला बसलेय. भांडायचंय की माफी मागायचीय, तेही धड कळत नाही.

गोवंडीच्या घरापुढे तुम्ही बांधलेलं खुराडं मला अजून जसंच्या तसं दिसतं. तुमच्या लाकडी खोक्यांच्या कारखान्यातून आणलेल्या फळ्या, वर पत्रा, सगळीकडून बंद, आणि पुढे माझा हात जेमतेम जाईल एवढं भोक. गावाला असंच असतं, तुम्ही म्हणालात. गावाला रात्री थंडी पडायची, मुंगूस यायचं, तिथे ते बरोबरच असणार. आई चुलीपुढून उठून दारात आली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "तुमचं गाव तिकडंच ऱ्हायलं," ती म्हणाली. "हितं माझं लुगडं दोन दोन दिवस वाळत न्हाई, अन् तुम्ही कोंबड्या पेटीत कोंडताय." तुम्ही नुसते हसलात. पण पुढच्या रविवारी समोरच्या फळ्या काढून तिथे जाळी ठोकलीत. आईचं ऐकलं हे मात्र शेवटपर्यंत कबूल केलं नाहीत. कारखान्यात जाळी उरली होती, म्हणे.

मग तो ऑक्टोबरचा दिवस. मी दहा वर्षांची आहे, शाळा दुपारची. तुम्ही दोघंही सकाळीच कामावर गेलात. अंगाची नुसती चिकचिक होतेय, कोंबड्या चोची उघडून बसल्यात. मला तुमचं गाव आठवतं. उन्हाळ्यात तुम्ही माठाला ओलं गोणपाट गुंडाळायचात, गोठ्याच्या खिडकीलाही लावायचात, आणि आत कसं गारेगार व्हायचं हे तुम्ही कितीदा सांगितलेलं. मी मोरीत गोणपाट भिजवते, अख्ख्या जाळीवर ताणून खिळ्यांना अडकवते आणि मोठं काम केल्यासारखी शाळेत जाते. संध्याकाळी परत आले तेव्हा तुम्ही खुराड्यापुढे उकिडवे बसला होतात. चारही कोंबड्या बाहेर काढून ठेवलेल्या, चोची तशाच उघड्या. आईनं भाकरी कुस्करून पिल्लांपासून वाढवलेल्या होत्या त्या. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, पण काही विचारलं नाहीत. आई आली तेव्हा म्हणालात, "गोणपाट मी लावलं. सकाळी जाताना." आई तुम्हाला जे बोलली ते मी दाराआडून ऐकलं. "लाकडात राहून डोकं पण लाकडाचं झालं तुमचं," हे त्यातलं सगळ्यात सौम्य. त्यानंतर दोन दिवस ती तुमचं ताट न बोलता पुढे सरकवत होती. तुम्ही खाली मान घालून जेवत होतात आणि मी गप्प.

तुम्ही माझी चूक अंगावर घेतलीत, हे मी आयुष्यभर धरून चालले. मुलांना सांगितलं, ऑफिसात सांगितलं. आपला बाप कसा होता असा विषय निघाला की माझ्याकडे ही एकच गोष्ट असायची, आणि ती पुरायची. पण या कोंबड्या आणल्यापासून मला भलतंच काही ऐकू येतंय. त्या सकाळी तुम्ही चप्पल घालता घालता म्हणताय, "ऊन चढलं तर जाळीला गोणपाट लाव गं बाई, भिजवून." हे तुम्ही खरंच म्हणाला होतात, की मी आत्ता बनवतेय? म्हणाला असाल, तर तुम्ही माझ्यासाठी काहीच केलं नाहीत. स्वतःची चूक स्वतःची म्हणालात, एवढंच. मग मला इतकी वर्षं भरून कशाला येत होतं? आणि म्हणाला नसाल, तर तुमच्यावर हे बालंट मी आता, या वयात का आणतेय? विचारायला आईसुद्धा नाही.

सहावी कोंबडी गेली तेव्हा जनावरांची डॉक्टर येऊन गेली. माझ्या मुलीच्या वयाची. "काकी, कोंबडीला घाम नाही येत," ती म्हणाली. "ती तोंड उघडून धापा टाकते ना, तोच तिचा पंखा. आपल्याकडे हवा आधीच ओली. त्यात तुम्ही ओलं गोणपाट लावलं, वारा पण बंद केला. वाट लागली तिची. कोणी सांगितलं हे?" मी म्हटलं, आमच्या वडिलांची पद्धत. मग तिनंच कागदावर काढून दाखवलं: खुराडं जमिनीपासून दोन हात वर, लांब बाजूंची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला म्हणजे ऊन आत येणार नाही, चारी बाजूंनी जाळी, छपराला पांढरा रंग, वळचण लांब, आणि माथ्याशी गरम हवा निघायला फट. सगळं पटतं. पण मागे डोंगर आहे, तिथून मुंगूस उतरतं, म्हणून बारीक जाळी काढायला पेन्सिल टेकवते आणि हात आपोआप फळ्याच काढतो. तीनही वेळा कागदावर तुमचीच पेटी उतरली.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगून टाकते. गेल्या आठवड्यात गोणपाट भिजवताना मी काही विसरले नव्हते. त्या चार कोंबड्या मला आठवत होत्या, उघड्या चोचींसकट. तरी लावलं. तुमची युक्ती एकदा, एकदाच, बरोबर निघाली असती, तर त्या दिवशी चुकलं ते माझ्याच हातून, असं मला म्हणता आलं असतं. मग तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात हे खरं राहिलं असतं. मला तेवढंच हवं होतं, आबा. त्यापायी मी एक कोंबडी मारली.