गाऱ्हाण्यात नसलेले नाव

तोंडवली, रविवार, संध्याकाळ

बातमीत "उत्साहात संपन्न" लिहायचे आहे. हात वळत नाही.

नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाला मानकऱ्याने देवाला गाऱ्हाणे घातले, म्हणजे सगळ्यांचे भले कर असे साकडे. जागा देणारे, छपराचे पत्रे देणारे, सगळ्यांची नावे घेतली. केरळातून येऊन गावातला पहिला दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांचे तेवढे नाही. विचारले तर म्हणतो, "तो भायलो रे. गाऱ्हाण्यात गावचेच घेतत."

याच भायल्याने या मानकऱ्याला जन्मताच उलटे धरून रडवले होते. संस्कृतात याला कृतघ्नता म्हणतात; इथे परंपरा म्हणत असावेत.

आणि डॉक्टरांच्या पत्नी, अम्मा? जन्मभर गावाला औषधे बांधून दिली. पहिल्या रांगेत बसून प्रत्येक ओळीला "व्हय म्हाराजा" म्हणत होत्या, सगळ्यांत मोठ्याने. नंतर मला हळूच म्हणाल्या, "आता ह्येंचा नाव येतला, आता येतला म्हणान जोरान म्हणत होतंय."